गोलमटोल आचाऱ्याचा एप्रन

आमच्या मेसच्या दाराआड खिळ्याला एक एप्रन टांगलेला आहे. निळा, जाड कापडाचा, पुढे मोठाले दोन खिसे, आणि शिवण अशी पक्की की उसवायची म्हटलं तरी उसवणार नाही. नवीन आलेल्या मुली विचारतात, "मावशी, हा कुणाचा?" आणि आचाऱ्याकडे बघून फिदीफिदी हसतात. हसणारच. आमचा आचारी म्हणजे नुसता हाडांचा सापळा, जोराचा वारा सुटला तर दार धरून उभा राहणारा माणूस. त्या एप्रनमध्ये तो आणि त्याचा भाऊ दोघं मावतील. मी म्हणते, हसा बायांनो, तुमचं काय जातंय! आणि झाडू उचलून पुढे जाते. रोज रोज कोण सांगत बसणार? पण आज सांगते.

मी या मुलींच्या हॉस्टेलात झाडलोट करते. जिने, व्हरांडे, न्हाणीघरं, कचऱ्याचे डबे, सगळं माझ्याकडे. आणि कचऱ्याचा डबा ज्या बाईच्या हातात, तिला कुणाला काही विचारावं लागत नाही. कोण चोरून सिगारेट ओढते, कुणाचं कुणाशी फिसकटलं, कोण रात्रभर रडून नाक पुसत बसली, सगळं सकाळी डब्यात येतं. बारकी मला पहिल्यांदा भेटली ती डब्यातच.

वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीचा डबा होता. मुली पाळीचे पॅड कागदात गुंडाळून टाकतात, आणि त्या पुडीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. रेक्टरबाई खोल्या तपासायला येतात तेव्हा डब्यातही डोकावतात, पण ती पुडी दिसली की नाक मुरडून मागे होतात. तर त्या दिवशी मी पुडी उचलली आणि ती कुरकुर वाजली. म्हटलं, अगं बाई, हे काय? उघडून बघते तर आत अंड्याची टरफलं आणि बटाट्याच्या साली. साली इतक्या पातळ काढलेल्या की त्यांच्यातून कागदावरची छपाई वाचता आली असती. मनात म्हटलं, वा गं पठ्ठे! माझा जन्म गेला या हॉस्टेलात, पण ही युक्ती कुणाला सुचली नव्हती.

युक्ती लढवावी लागत होती, कारण खोलीत स्वयंपाक करायला सक्त मनाई. आधीच्या वर्षी दुसऱ्या इमारतीत एका मुलीने इस्त्री चालू ठेवली, गादी पेटली, धुरानं दोघी जणी दवाखान्यात. तेव्हापासून वरून हुकूम आला की खोलीत विजेची वस्तू सापडली तर पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा खोली रद्द. दयामाया नाही. आणि लांबून आलेल्या मुलीची खोली गेली म्हणजे कॉलेजच गेलं, कारण बाहेर गावात भाड्याने राहणं सगळ्यांच्या आवाक्यातलं कुठे असतं!

मी ती पुडी पदराआड धरून तडक वर गेले. दार लोटलं तर एक मुलगी जमिनीवर बसलेली, पाठ दाराकडे, आणि पुढ्यात किटली. इतकी बारीक की मला वाटलं कुणाची धाकटी बहीण पाहुणी आलीय. मला बघून तिने किटलीवर ओढणी टाकली. ओढणीतून वाफ निघायला लागली.

"झाक अजून," मी म्हटलं, "म्हणजे ओढणीही शिजेल."

तिचा चेहरा पांढराफटक. मग एकदम म्हणाली, "मावशी, सांगू नका ना. पाया पडते."

"पाया पडायला मी काय देव आहे? काय शिजवतेस ते दाखव."

ओढणी काढली. किटलीत तांदूळ, डाळ आणि कोबीची पानं एकत्र रटरटत होती, आणि मधोमध एक अंडं, टरफलासकट. मला हसूच आलं. मी विचारलं, हे अंघोळीला बसलंय का? तेव्हा तीही हसली. हसली की तिचे गाल आत जायचे. त्या दिवसापासून मी तिला बारकी म्हणायला लागले, आणि मग सगळं हॉस्टेल म्हणायला लागलं.

तिचं ते स्वयंपाकघर एकदा बघण्यासारखं होतं हो. किटलीचं झाकण उघडं ठेवायचं, म्हणजे ती उकळी आली तरी आपोआप बंद होत नाही, हे तिने शोधून काढलं होतं. तांदूळ-डाळ सकाळी उठल्याबरोबर भिजत घालायची, एक सणसणीत उकळी काढायची, मग सगळं स्टीलच्या डब्यात ओतून डबा जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून पांघरुणात पुरून ठेवायचा. ही तिकडे वर्गात, आणि इकडे डबा आपला आपण शिजतोय! अंडी उकडलेल्या पाण्यात चहा. शिळा पाव इस्त्रीवर भाजायचा, मध्ये कागद घालून, म्हणजे कॉलेजच्या शर्टाला पावाचा वास नको आणि पावाला साबणाचा. कोबी रोज, कारण बाजार उठताना भाजीवाल्या कोबीची वरची पानं फेकून देतात, आणि त्यांना कुणी उचललेली चालतात. कांदा मात्र कधीच नाही. कांद्याचा वास लपत नाही. मला एकदा म्हणाली, "मावशी, नोकरी लागली ना, की पहिल्या दिवशी मी कांदा परतणार. दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून!"

नोकरी म्हणजे रक्त-लघवी तपासायची. त्याचाच कोर्स होता तिचा, आणि शेवटचं वर्ष. हुशार होती. तिच्या खोलीतली दुसरी मुलगी, जाड भिंगांची चष्मेवाली, ती खात्यापित्या घरची. ती मेसमध्ये जेवायची. सुरुवातीला तिला वाटलं बारकीला डाएटचं खूळ आहे. खरं कळलं तेव्हा ती मेसमधून पाव, केळं, काहीबाही रुमालात बांधून आणायला लागली. बारकी घ्यायची नाही. मानी होती कार्टी. म्हणायची, तू दिलंस आणि मी घेतलं की उद्यापासून मी वाट बघायला लागेन.

मी एकदा विचारलंच, "स्कॉलरशिप आहे ना तुला? मग मेस का नाही?"

म्हणाली, "फी आणि खोली त्यात येते मावशी. मेस नाही येत."

"मग घरी सांग."

तिने डब्याचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "आईला मी सांगितलंय की मेसही त्यातच येते."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घरात आई आणि ही, तिसरं कुणी नाही. आई गणवेश आणि एप्रन शिवायच्या कारखान्यात मशीनवर. आईचं मूत्रपिंड बिघडलेलं, गोळ्या रोजच्या, चुकवून चालत नाही. आणि ती बाई अशी की पोरीला पैशांची चणचण आहे असं नुसतं कानावर आलं असतं तर पहिल्यांदा गोळ्या बंद केल्या असत्या. मुलीला एवढ्या लांब पाठवायलाही ती तयार नव्हती. दोन वेळचं गरम जेवण मिळणार असेल तरच जा, एवढीच तिची अट. हिने सांगितलं, मिळणार आहे. झालं. तिथून जे थापांचं सुरू झालं ते सुरूच.

थापा कशा, तर मेसच्या दाराशी फळा असतो, त्यावर आचारी खडूने आजचं जेवण लिहितो. बारकी रोज संध्याकाळी त्या फळ्यासमोर उभी राहायची, आत जायची नाही, वाचायची आणि जिन्यात जाऊन आईला फोन लावायची. मी पायऱ्या पुसत असायचे, सगळं कानावर पडायचं. "हो गं, जेवले. आज वाटाणा-बटाटा होता. आणि कस्टर्ड! इतकं मऊ की एक गुठळी नाही बघ. काकांनी मला दोनदा वाढलं." एकदा आचारी फळा पुसायला विसरला, हिने आदल्या दिवशीचंच परत सांगितलं. पलीकडून आई काहीतरी म्हणाली असणार, कारण ही हसून म्हणाली, "हो ना, सांगते मी काकांना, रोज रोज तेच काय म्हणावं!"

काका म्हणजे आमचा आचारी. पण फोनवरचा आचारी वेगळाच होता हो. तो गोलमटोल, ढेरपोट्या, मोठ्याने हसणारा. हिला बघितलं की हाक मारायचा, बारके, ताट चाटूनपुसून स्वच्छ कर, नाहीतर उठू देणार नाही! ताप आला होता तेव्हा त्याने म्हणे वेगळा मऊ भात करून वर पाठवला. ऐकून मी फडकं पिळायची थांबायचे. आमचा आचारी! ज्याच्या कपाळावरची आठी त्याच्या बारशापासून मिटलेली नाही, दुसऱ्यांदा वाढ म्हटलं की पळीकडे असा बघतो जणू तिनेच गुन्हा केलाय. मी तिला म्हटलं, अगं, निदान ओळखीचा माणूस तरी रंगव. ती म्हणाली, "मावशी, आईला काळजी वाटू नये असा माणूस पाहिजे ना. तुमचा आचारी सांगितला तर ती दुसऱ्या दिवशी गाडीत बसेल."

त्या वर्षी थंडीत फ्यूज उडाला आणि बारकी पहिल्यांदा सापडली. रेक्टरबाईंनी किटली जप्त केली आणि ताकीद लिहून तिची सही घेतली. मीही तिला झापलं. म्हटलं, आता कानाला खडा लाव, सुक्या पावावर राहा, परीक्षा होईपर्यंत दम काढ. ती हो म्हणाली. राहिली थोडे दिवस. मग एके सकाळी व्हरांड्यात चक्कर येऊन पडली, ती नेमकी माझ्या ओल्या फरशीवर. मला वाटलं माझ्या पाण्यामुळे घसरली. पण उचलली तेव्हा कळलं, घसरणाऱ्या माणसाला वजन तरी असतं. चष्मेवालीने त्याच दुपारी स्वतःची किटली, घसा शेकायला म्हणून आणलेली, बारकीच्या खाटेखाली सरकवून दिली. मी बघितलं आणि कानाडोळा केला.

परीक्षा तोंडावर आली होती. बारकीचा डबा परत स्वेटरमध्ये शिजायला लागला होता. मला वाटत होतं, निभलं. पोरगी निघाली आता.

तर एक दिवस ऐन दुपारी, मेस भरलेली, मी फाटकापाशी पाचोळा काढत होते. एक बाई आली. चेहऱ्यावर सूज, पायांतही, पण केस नीट विंचरलेले आणि साडी इस्त्रीची. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. म्हणाली, "ताई, इथली मेस कुठे?"

मी म्हटलं, "कोण पाहिजे?"

"आचारीभाऊंना भेटायचंय." आणि मग बारकीचं खरं नाव घेऊन म्हणाली, "मी तिची आई."

कारखान्याची गाडी म्हणे गणवेश पोचवायला इकडे येत होती, ड्रायव्हरने बसवून आणलं, संध्याकाळी परत नेणार होता. मुलीला कळवलं नव्हतं, गंमत करायची होती. मी म्हटलं, "आधी मुलीला तर भेटा! ती वर्गात आहे, मी बोलावते, तुम्ही इथं सावलीत बसा." म्हणाली, "तिला तर भेटेनच हो. पण आधी त्यांना. तिची आई झाले ती जन्माने, पण ही सगळी वर्षं पोटाला घातलं ते त्यांनी." आणि निघालीच. सुजलेल्या पायांनी, पण इतकी झपाझप की मी झाडू टाकून मागे धावले.

आता नशीब बघा. आमच्याकडे पद्धत आहे, वाढायच्या आधी रेक्टरबाई येऊन जेवण चाखतात. त्या दिवशी त्यांना यायला उशीर झालेला. म्हणजे आम्ही आत गेलो तेव्हा आचारी पळी घेऊन उभा, रेक्टरबाई चमचा घेऊन उभ्या, आणि सगळ्या मुली ताटं घेऊन रांगेत. बाईने आचाऱ्याला ओलांडून आत स्वयंपाकघराकडे नजर टाकली. तो समोर उभा होता आणि ती त्याच्या पाठीमागे शोधत होती.

"मोठे आचारी कुठे आहेत?" तिने विचारलं.

"मीच," आचारी म्हणाला. "काय आहे?"

ती गोंधळली. मग हसली, कागद सोडला आणि तो एप्रन काढून त्याच्यापुढे धरला. "तुमच्यासाठी शिवला. माझ्या मशीनवर, माझ्या हाताने. अंदाज चुकला बहुतेक. ती म्हणायची... जाऊ दे, मी शिवण आत घेऊन देईन." मुली खुसखुसायला लागल्या. ती बाई बोलतच होती. "माझ्या मुलीला तुम्ही दोनदा वाढता, ताट स्वच्छ केल्याशिवाय उठू देत नाही, तापात मऊ भात करून दिलात. कस्टर्ड तर तुमच्या हातचं, एक गुठळी नसते म्हणे. मी तिकडे दोन घास सुखानं खाते ते तुमच्या जिवावर."

आचारी म्हणाला, "कोण मुलगी?"

तिने नाव सांगितलं. मी रेक्टरबाईंच्या मागून त्याला हाताने खुणा करत होते, डोळे वटारत होते, शेवटी न राहवून ओरडले, "अहो ती हो, बारकी! रोज नाही का जेवत, खिडकीपाशी!" पण तो माणूस म्हणजे ठोंब्या. त्याला वाटलं मी त्याच्यावर काहीतरी आळ घेतेय. म्हणाला, "बारकी? ती फळा वाचून जाते ती? ती कधी जेवलीय इथे? एक दिवस नाही. मी काय माझी माणसं ओळखत नाही?"

रेक्टरबाईंनी चमचा खाली ठेवला. त्या काही वाईट बाई नाहीत, हेही सांगते. पण त्यांनी तोंडातून जो प्रश्न काढला तो कुणीही काढला असता. "मग ती जेवते कुठे?"

नंतरचं सांगायला मला जड जातं. बारकीला वर्गातून बोलावलं. खोली उघडली, पांघरूण उचललं, तर स्वेटरमध्ये डबा, अजून गरम. खाटेखाली किटली. आणि आई दारात उभी, हातात तो एप्रन तसाच. रेक्टरबाई किटलीकडे बघत होत्या आणि आई डब्याकडे. तिने पुढे होऊन डबा उघडला. आत कोबीची पानं आणि थोडासा भात. ती म्हणाली, "म्हणजे मी गोळ्या नाही खाल्ल्या. मी हिचं जेवण खाल्लं." एवढं बोलून ती खाटेवर बसली ती बसलीच.

बारकी आईच्या गुडघ्यांना मिठी मारून रडत होती. चष्मेवाली पुढे आली, म्हणाली किटली माझी आहे, लिहा माझं नाव. पण ताकिदीवर सही बारकीची होती आणि डबाही बारकीचा. मी रेक्टरबाईंच्या हातापाया पडले. त्यांचेही डोळे भरले होते, पण म्हणाल्या, "मावशी, दुसऱ्यांदा सापडलीय. आज मी गप्प बसले आणि उद्या कुठे आग लागली, तर जळलेल्या मुलीच्या आईला मी काय तोंड दाखवू?" त्यांच्या डोळ्यांसमोर ती पेटलेली गादी होती. खोली रद्द.

मी बारकीला बाजूला घेतलं. म्हटलं, चल माझ्या घरी. पाय पसरायला जागा नाही, पण परीक्षेपुरती कुशीवर झोप. तिचे डोळे लखलखले, खोटं नाही सांगत. आईसमोर जाऊन बसली. "आई, मावशी ठेवून घेतायत. परीक्षा तेवढी देऊ दे. मग लगेच येते. रोज पोटभर जेवेन, शप्पथ."

आईने तिच्याकडे बघितलं. रागाने नाही हो. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "आणि मला कसं कळणार? तू फोनवर जेवले म्हणशील, आणि मी ऐकायचं?"

बारकी काय उत्तर देणार? तिच्याजवळ उत्तर होतं ते सगळं तिने फोनवर वापरून टाकलं होतं.

मी मध्ये पडले. म्हटलं, मी आहे ना लक्ष ठेवायला. तेव्हा ती बाई हात जोडून म्हणाली, "ताई, तुम्ही चांगल्या आहात. पण इथं सगळे चांगलेच होते ना? आणि तरी ही अशी झाली. आता ही माझ्या डोळ्यांसमोर जेवेल. मग पुढचं पुढे." आणि ती बॅग भरायला उठली. मला तेव्हा तिचा असा संताप आला! वाटलं, अगं बाई, एवढी वर्षं ती कोबी खाऊन जगली ती या परीक्षेसाठी, आता घाटावर आणून बुडवतेस? पण पोरीच्या नुसत्या हाडांवरून हात फिरवून उठलेल्या आईला कोण शिकवणार?

बारकी परीक्षेला आली नाही, हे आत्ताच सांगून टाकते. पुढच्या वर्षीही नाही. चष्मेवालीने पत्ता काढून फोन केला होता. बारकी त्याच कारखान्यात काज-बटणाला लागलीय. आईच्या शेजारच्या मशीनवर. दुपारी दोघी एकाच डब्यात जेवतात. परत कधी येणार विचारलं तर म्हणाली, आईला आता माझं काही खरं वाटत नाही गं. यापुढचं मला काही माहीत नाही. मला सांगायचंय ते त्या दिवशी संध्याकाळचं.

कारखान्याची गाडी फाटकाशी येऊन थांबली होती. बॅग एकच, पुस्तकांचं गाठोडं एक. ड्रायव्हर घाई करत होता. आम्ही कट्ट्यावर बसलेलो. तेवढ्यात मेसच्या बाजूने आचारी आला. अंगात तो एप्रन. पट्ट्या पाठीमागे नेऊन परत पुढे आणून बांधलेल्या, आणि तरी घोळ पायात येत होता, लहान पोराने बापाचा सदरा घालावा तसा. हातात एकच ताट, गच्च भरलेलं. डाळ, भात, वाटाणा-बटाटा. आणि मोठी वाटी भरून कस्टर्ड. त्या दिवशी फळ्यावर कस्टर्ड नव्हतं. मला ठाऊक आहे, फळा मीच पुसला होता.

त्याने ताट दोघींच्या मध्ये कट्ट्यावर ठेवलं. कुणाकडे न बघता म्हणाला, "ताट स्वच्छ करायचं. नाहीतर गाडी सुटू देणार नाही." आवाज चढवायला गेला बिचारा, पण फुटला.

बारकीने ताटाकडे बघितलं. रोज संध्याकाळी फळ्यावर वाचायची ते आज पहिल्यांदा पुढ्यात होतं. हात काही पुढे जाईना. शेवटी आईने चमचा उचलला आणि कस्टर्डमध्ये घातला. घाईघाईत केलेलं ते, अर्धं कच्चं. गुठळ्या मला उभ्या उभ्या दिसत होत्या, सुपारीएवढ्या. एक तर चमच्यावरून घसरून परत वाटीत पडली. आईने तो घास तोंडात घेतला. चावला. हो, चावावाच लागला. आणि गिळून मुलीकडे वळून म्हणाली,

"खरंच गं. एक गुठळी नाही."

मग तिने दुसरा चमचा भरला आणि बारकीच्या तोंडाशी धरला. बारकीने तोंड उघडलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चावत होती, आणि आई तिच्या गळ्याकडे बघत होती, घास खाली उतरतोय की नाही ते. उतरला, की पुढचा. असं करत करत वाटी संपली. आचारी पाठ करून उभा होता. गाडी गेली, आणि मी ताट घासायला आत नेलं.